पटावरचं दिसतं, पत्त्यांतलं अंदाजावं लागतं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी २० वर्षांचा, नागपुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रतापनगरला राहतो. फिडे रेटिंग (जागतिक बुद्धिबळ संघटनेनं दिलेला ताकदीचा आकडा) १६५० च्या आसपास. मागच्या स्पर्धेत ९ फेऱ्यांत ३ गुण मिळाले आणि ३० रेटिंग गेलं. समोरचे सगळे माझ्याच ताकदीचे होते. वैतागून सिसिलियन, म्हणजे काळ्या मोहऱ्यांनी माझी नेहमीची सुरुवात (ओपनिंग), सोडलं आणि आता नवं ओपनिंग शिकतोय. त्याच सुमारास मित्राच्या खोलीवर दर शनिवारी पोकर सुरू झालं. बुद्धिबळवाल्याला पोकर सोपं जातं असं सगळे म्हणतात, पण सगळ्यात आधी मीच बाहेर पडतो. आता थोडे पैसे लावून खेळायचं ठरतंय. पत्ते म्हणजे जुगार, असं बाबांचं मत आहे. कळलं तर बुद्धिबळही बंद करतील. पोकरमुळे माझं बुद्धिबळ बिघडतंय का? की एकाचा दुसऱ्याला खरंच उपयोग होतो?"

मित्रा,

तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा पोकरचा नाही. तो ३० आहे, म्हणून आधी त्याच्याकडे बघू.

समोरचे सगळे तुझ्याच रेटिंगचे, म्हणजे दर डावाला अपेक्षित गुण अर्धा, ९ डावांत साडेचार. तुला मिळाले ३. दीड गुण कमी. ज्याचे ३० डाव पूर्ण झालेत आणि रेटिंग २४०० च्या खाली आहे अशा तुझ्या वयाच्या खेळाडूला फिडेचा गुणक, म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी-जास्त पडलेल्या एका गुणामागे रेटिंग किती बदलतं तो आकडा, २० लागतो; दीड गुणिले २० म्हणजे ३०. हिशेब चोख आहे. आता एक नाणं ९ वेळा उडव. छापा ३ वेळा किंवा त्याहून कमी पडण्याची शक्यता २५ टक्के आहे. बरोबरीचे डाव धरले तर ती जराशी उतरेल, पण तुझ्या गटात बरोबऱ्या फार होत नाहीत. याचा अर्थ, खेळ तसूभरही न बिघडता तुझ्या दर चार-पाच स्पर्धांतली एक अशी जाणारच आहे. त्या एका स्पर्धेच्या जोरावर तू काही वर्षांचं सिसिलियन टाकून दिलंस.

ही चूक पोकर शिकलेला माणूस सहसा करत नाही, आणि बुद्धिबळवाला हमखास करतो. कारण पोकरमध्ये बरोबर निर्णय घेऊन हरणं रोजचं आहे. एक्क्यांची जोडी हातात असताना समोरच्याच्या राजांच्या जोडीशी सगळ्या चिप्स (बोली लावायच्या सोंगट्या) लागल्या, तरी साधारण १८ टक्के वेळा एक्के हरतात. हरलेला खेळाडू पुढच्या वेळी एक्के फेकून देत नाही. निर्णय आणि निकाल यांचे दोन वेगळे रकाने ठेवायला त्याला पत्त्यांनीच शिकवलेलं असतं. बुद्धिबळात मात्र सगळं पटावर उघडं असतं, हरलो तर चूक आपलीच, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरंही आहे. पण तुझ्या कोणत्या चुकीला शिक्षा होणार आणि कोणती समोरच्याच्या नजरेतून निसटणार, यात नशीब भरपूर आहे. जिंकलेल्या डावांतही तितक्याच चुका सापडतील. त्या तू शोधत नाहीस, एवढंच.

तेव्हा पहिलं काम: सिसिलियन परत हातात घे, आणि हरलेल्या डावांत ओपनिंग संपलं तेव्हा स्थिती कशी होती ते इंजिनवर, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रॅमवर, बघ. बाराव्या-पंधराव्या चालीला तू वाईट नव्हतास, तर दोष ओपनिंगचा नाही.

आता शनिवारच्या खेळाकडे. होल्डेम या पोकरच्या नेहमीच्या प्रकारात हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच, आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग एक (रिव्हर), आणि बोलीच्या चार फेऱ्या. दिवाळीत काही घरांत तीनपत्ती चालते तिच्यापेक्षा इथे माहिती खूप जास्त मिळते, म्हणून अभ्यासाला जागा आहे. मग तू आधी का बाहेर पडतोस?

बुद्धिबळात पाळी आली की चाल करावीच लागते. 'या वेळी मी खेळत नाही' असं म्हणायची सोय नाही. पोकरमध्ये सगळ्यात जास्त वेळा बरोबर असणारी चाल म्हणजे पॅक, पानं टाकून डाव सोडणं, आणि पटावर वाढलेल्या माणसाला ती चाल वाटतच नाही. सहा जणांच्या टेबलावर १०० डावांत साधारण २० ते २५ डाव खेळावेत, बाकी पहिल्याच फेरीत सोडावेत. त्यातही जागा बघायची. पहिल्यांदा बोलणाऱ्या जागेवरून १५ च्या आसपास, बटनावरून, म्हणजे नंतरच्या प्रत्येक फेरीत जिथून शेवटी बोलायला मिळतं तिथून, ४० पर्यंत. शेवटी बोलण्याचा फायदा तुला समजावून सांगायला नको. बाकीच्यांनी काय केलं ते बघून मग ठरवता येतं.

दुसरं कारण जास्त खोल आहे. बुद्धिबळाच्या खेळाडूला उत्तर माहीत नसणं सहन होत नाही. डाव संपला की दोघं पटावर वाकून 'इथे घोडा मारला असता तर?' करत बसतात, आणि ती फार चांगली सवय आहे. पोकरमध्ये पॅक केलं की समोरच्याकडे काय होतं ते कधीच कळत नाही. मग 'बघू तरी काय आहे' म्हणून कॉल होतो, म्हणजे समोरच्याइतकी बोली भरली जाते. त्या बघण्याची किंमत मोजायला शीक. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ३०० आहेत, समोरचा १५० लावतो. तुला १५० घालून ४५० मिळवायचे आहेत, म्हणजे एकूण ६०० मधले १५० तुझे: २५ टक्के. तुझी जिंकण्याची शक्यता २५ टक्क्यांच्या वर असेल तर कॉल, खाली असेल तर पॅक. पॉटएवढीच बोली आली तर लागतात ३३ टक्के.

समज, एकाच प्रकारची पाच पानं जमवायची आहेत, चार इस्पिक जमलेत, पाचवं हवंय. उरलेली इस्पिकं ९. फ्लॉपनंतर न दिसलेली पानं ४७, म्हणजे पुढच्या एका पानावर ९ भागिले ४७, साधारण १९ टक्के. पुढची दोन्ही पानं धरली तर ३५. टेबलावर चटकन काढायचं तर हवी असलेली पानं मोजायची आणि एका पानासाठी दुपटीनं, दोन पानांसाठी चौपटीनं धरायची; १८ आणि ३६ येतात, काम भागतं. हिशेबात पक्की असलेली मुलं नेमकी इथेच फसतात. ती फ्लॉपवर ३५ चा आकडा धरून कॉल करतात आणि विसरतात की टर्नला समोरचा पुन्हा बोली लावणार आहे. दोन्ही पानं एकाच किमतीत मिळणार नसतील, तर ३५ हा आकडा तुझा नाही, १९ आहे. आणि टर्नलाही पान आलं नाही, पॉट ३०० आणि बोली १५०, तर तुझी शक्यता ९ भागिले ४६, साडेएकोणीस टक्के, आणि लागतात २५. मग कॉल कधी योग्य? पान लागल्यावर रिव्हरला समोरच्याकडून सरासरी आणखी १७० च्या आसपास निघणार असतील तरच. तो मित्र तिसरं इस्पिक दिसताच चिप्स मागे ओढणारा असेल, तर पॅक कर.

या हिशेबात आणि तुझ्या पटावरच्या गणितात एक फरक आहे, तो नीट लक्षात घे. पटावर तू समोरच्याची एक सर्वोत्तम चाल शोधतोस. पत्त्यांत एक हात शोधायचा नसतो, हातांचा अख्खा गठ्ठा धरायचा असतो. नवीन बुद्धिबळवाला 'याच्याकडे एक्केच आहेत' असं ठरवतो आणि त्या एका कल्पनेशी खेळत राहतो. त्याऐवजी मोज. कुठलीही जोडी ६ प्रकारे येते. एक्का-राजा १६ प्रकारे. तुझ्या हातात राण्यांची जोडी आहे आणि टेबलावरचा सगळ्यात सावध मित्र तुझ्या रेजवर (वाढवलेल्या बोलीवर) पुन्हा रेज करतो. त्याच्याकडे गुलामांच्या जोडीपासून वरच्या जोड्या किंवा एक्का-राजा असेल असं धरू. गुलाम ६, राजे ६, एक्के ६, एक्का-राजा १६, आणि दोन राण्या तुझ्याकडे असल्यानं त्याच्याकडे राण्या १ प्रकारे. एकूण ३५. त्यातले १२ तुला चिरडणारे, ६ तुझ्याहून कमकुवत, १६ जवळजवळ नाणेफेक, जरासं पारडं तुझ्या बाजूला. सगळं धरून तुझ्या राण्या साधारण ४७ टक्के वेळा जिंकतात. 'राण्या आहेत, घाबरायचं काय' हेही चूक, आणि 'नक्की एक्के' हेही.

हा गठ्ठा पटावर उपयोगी पडतो का? पडतो, पण ठरावीक जागीच. बरोबरीच्या किंवा चांगल्या स्थितीत समोरचा सर्वोत्तम उत्तर देईल असंच धरून चाल निवड, तिथे शक्यता लावत बसू नकोस. हरत्या स्थितीत मात्र सगळ्या चाली हरवणाऱ्याच असतात. इंजिन सांगेल, ही चाल उणे तीन (साधारण तीन प्याद्यांइतका मागे), ती उणे चार. उणे तीनची घ्यावी असं वाटतं. पण उणे तीनच्या चालीला समोरच्याला एकच उघड चाल शोधायची आहे, जी तो दहातून नऊदा शोधेल. उणे चारच्या चालीला त्याला लागोपाठ चार अचूक चाली लागतात, प्रत्येक पाचातून चारदा सापडणारी. चारही सापडण्याची शक्यता ०.८ चा चौथा घात: ४१ टक्के. म्हणजे ५९ टक्के वेळा तो कुठेतरी चुकतो. उणे चारची चाल खेळ. आणि जिंकत असशील तेव्हा हाच हिशेब उलटा लाव: ज्या मार्गात स्वतःला कमीत कमी अचूक चाली लागतात तो मार्ग, भले इंजिनच्या लेखी अर्ध्या प्याद्यानं कमी असो. या एका गोष्टीसाठी पोकर शिकायला हरकत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उलट दिशेनं एक रोगही येतो, तो आधीच ओळखून ठेव. पत्ते खेळणाऱ्याला पटावर ब्लफ करावासा वाटतो. चांगल्या स्थितीतून सापळा लावायचा, 'दिसला नाही तर वजीर मिळतो, दिसला तर बघू'. पत्त्यांत ब्लफ चालतो कारण तुझी पानं झाकलेली असतात. पटावर तुझी सगळी पानं उताणी पडलेली आहेत. समोरच्याला फक्त बघायचं आहे. सापळा लावायचाच, तर एक चाचणी लाव: त्याला तो दिसला आणि त्यानं सर्वोत्तम उत्तर दिलं, तरी माझी स्थिती आधीपेक्षा वाईट होत नाही ना? होत नसेल तर बिनधास्त लाव. होत असेल तर तो सापळा नाही, दान आहे.

ब्लफचं पत्त्यांतलं गणितही सोपं आहे. पॉट ३००, तू १५० चा ब्लफ लावतोस, तर तीनातून एकदा तो पॅक झाला की तुझं नुकसान नाही. पॉटएवढा लावलास तर दोनातून एकदा व्हायला हवा. पण हे पॅक होऊ शकणाऱ्या माणसासमोर. मित्रांच्या टेबलावर निदान दोघं असे असतात जे कशालाही कॉल करतात, आणि बुद्धिबळवाला त्यांच्यासमोर सुंदर, सुसंगत ब्लफ रचतो, कारण समोरचा सर्वोत्तम खेळेल हे त्यानं गृहीत धरलेलं असतं. त्या दोघांना ब्लफ करूच नकोस. चांगली पानं आली की त्यांच्याकडून नेहमीपेक्षा मोठी बोली वसूल कर, बस.

आता वेळेबद्दल. तुझ्या पत्रात घड्याळाचा उल्लेख नाही, पण या रेटिंगला बरेच डाव तिथेच जातात. आणि पोकरचा विचार पटावर सगळ्यात सरळ उपयोगी पडतो तोही इथेच.

चिप्स आणि मिनिटं सारखी धर. चांगला खेळाडू लहान पॉट स्वस्तात सोडतो आणि मोठ्या पॉटसाठी चिप्स राखतो. ९० मिनिटं आणि चालीला ३० सेकंद असा डाव असेल, तर ४० चालींना एकूण ११० मिनिटं मिळतात, सरासरी चालीला पावणेतीन. पण सरासरीनं कोणी खेळत नाही. पाठ असलेल्या पहिल्या १०-१२ चाली जवळजवळ भरून येणाऱ्या ३० सेकंदांतच व्हाव्यात. विसाव्या चालीला घड्याळात ५० मिनिटं असावीत, तिसाव्या चालीला २०. मधल्या काळात खरे मोठे पॉट चार-पाचच येतात: मोहऱ्यांची मारामारी होऊन प्याद्यांची रचना कायमची बदलणार आहे, वजीर उतरणार आहेत, राजावर मोहरा बळी द्यायचा आहे, किंवा एंडगेममध्ये, म्हणजे मोजके मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, उतरायचं आहे. तिथे १० ते १५ मिनिटं घाल. बाकी ठिकाणी ५ मिनिटं झाली की स्वतःला विचार: उरलेल्या दोन चालींत फरक किती? सांगता येत नसेल तर फरक थोडा आहे. एक कर आणि घड्याळ दाब. हत्ती डी-फाइलवर की ई-फाइलवर यात १८ मिनिटं घालवणं म्हणजे २० च्या पॉटसाठी ४०० चिप्स लावणं.

२०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत आपल्या नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे दोन क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, मग कमी वेळेच्या रॅपिडचा पहिला डावही बरोबरीत सुटला. दुसऱ्या रॅपिडमध्ये काळ्या मोहऱ्यांनी खेळणारी दिव्या लढतीला धरून राहिली, वेळेच्या तंगीत हंपीच्या चुका झाल्या, आणि २.५–१.५ अशा विजयानं दिव्या थेट ग्रँडमास्टर झाली. त्या डावाच्या चाली काढून बस आणि प्रत्येक चालीला दोघींच्या घड्याळात किती होतं तेही बघ. स्थिती आणि वेळ दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय तो डाव समजत नाही.

घड्याळाचा आणखी एक उपयोग आहे, जो पोकरवाले लगेच करतात आणि आपण करत नाही. पत्त्यांत आधी घातलेल्या चिप्स विसरायच्या असतात, पण आधीच्या बोल्या विसरायच्या नसतात. तू बुद्धिबळवाला असल्यानं पहिलं तुला सोपं जाईल: पटावर कसे आलो याला महत्त्व नाही, आत्ताची स्थिती काय एवढंच. 'एवढे घातलेत तर आणखी घालू' हा मोह तुला कमी होईल. पण दुसऱ्या अर्ध्यात तू कच्चा असणार, कारण पटाला स्मरण नसतं. कॅसलिंग आणि एन पासां या खास चालींचा हक्क, स्थितीची पुनरावृत्ती आणि पन्नास चालींचा नियम सोडला तर जुन्या चालींनी काही बदलत नाही. पोकरमध्ये मात्र फ्लॉपला नुसतं चेक (बोली न लावता पाळी पुढे देणं), टर्नला चेक आणि रिव्हरला अचानक मोठी बोली, ही एक गोष्ट आहे आणि ती जुळते की नाही हे तपासावं लागतं. आता हीच सवय पटावर आण. नोंदकागदावर प्रत्येक चालीशेजारी दोघांचाही उरलेला वेळ लिही. समोरच्यानं २० मिनिटं विचार करून उंट मागे घेतला, म्हणजे त्याला काहीतरी टोचलं. काय टोचलं ते शोध, बहुधा तुझ्या हाती असलेली चाल सापडेल. नवव्या चालीपर्यंत भरभर खेळणारा दहाव्याला थांबला, तर त्याची तयारी तिथे संपली.

तुझ्या चेहऱ्याचंही तसंच. पत्त्यांत प्रत्येक वेळी, सोपं असो वा अवघड, मनात पाच मोजूनच बोल. नाहीतर तुझा विचार किती लांबला त्यावरून टेबल तुला वाचतं. पटावर घोडचूक लक्षात आली की हात डोक्याला लावू नकोस, त्या घराकडे टक लावू नकोस. समोरच्याला ती दिसली असेलच असं नाही. मात्र मुद्दाम उसासे टाकणं, नाटक करणं हा खोडसाळपणा झाला आणि प्रतिस्पर्ध्याला त्रास देणं नियमात बसत नाही.

डोकं फिरणं दोन्हीकडे सारखं. मोठा पॉट हरल्यावर पुढचे सहा डाव, म्हणजे टेबलाचा एक फेरा, फक्त पॅक. पटावर चूक झाली तर उठ, पाणी पिऊन ये, आणि दुसऱ्या कोणाचा डाव तुला अर्ध्यातून खेळायला दिलाय असं समजून स्थिती बघ: कोणाचे किती मोहरे, राजे कुठे, पुढचा धोका काय. दोन मिनिटं जातात, डाव वाचतो.

बुद्धिबळाकडून पोकरकडे गेलेली मोठी नावं बरीच आहेत. १९९५ ची पोकरची जागतिक मालिका जिंकणारा डॅन हॅरिंग्टन बुद्धिबळात मास्टर होता. जेनिफर शहादे दोनदा अमेरिकेची महिला बुद्धिबळ विजेती. तीनदा ब्लिट्झचा, म्हणजे अतिजलद बुद्धिबळाचा, जगज्जेता झालेला रशियन ग्रँडमास्टर ग्रिशुकही पोकर खेळला. उलट प्रवास क्वचित दिसतो, कारण पटावरचे आकृतिबंध लहानपणापासून हजारो तास घालून डोळ्यांत बसवावे लागतात. जे गेले त्यांनी चाली नेल्या नाहीत, डावानंतर बसून चिरफाड करायची शिस्त नेली. तुझ्याकडे ती आहे. मित्रांकडे बहुधा नाही. दोन-तीन महिन्यांत फरक दिसेल तो तिथून.

पैशांबद्दल मात्र आमचं उत्तर नाही असंच आहे. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून चालणारे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद केले आहेत, तेव्हा कुठलंही ॲप शोधू नकोस. खोलीवर पैसे लावले तर महाराष्ट्रात १८८७ पासूनचा जुगारप्रतिबंधक कायदा आहे, आणि पोकर कौशल्याचं की नशिबाचं हा वाद तुला पोलीस ठाण्यात घालायला लागू नये. शिवाय शिकण्याच्या दृष्टीनंही पैसा वाईट: महिन्याच्या मेसचे पैसे पॉटमध्ये असताना कोणी १९ आणि २५ टक्क्यांतला फरक बघत नाही.

पण बिनपैशाच्या खेळात सगळे सगळ्यालाच कॉल करतात, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय स्पर्धेची रचना. सहा जणांना प्रत्येकी ३००० चिप्स: २५ च्या १२, १०० च्या १२, ५०० च्या ३. चिप्स नसतील तर चिंचोके, कवड्या आणि कॅरमच्या सोंगट्या चालतील. ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी पाळीपाळीनं लावायच्या सक्तीच्या बोल्या) २५–५० पासून, दर २० मिनिटांनी वाढ: ५०–१००, ७५–१५०, १००–२००, १५०–३००, २००–४००, ३००–६००. अडीच तासांच्या आत संपतं. बाहेर पडलेल्याला पुन्हा प्रवेश नाही. पहिल्याला ६ गुण, दुसऱ्याला ४, तिसऱ्याला २, चौथ्याला १, आणि दहा शनिवारांचा तक्ता भिंतीवर लावा. तिसऱ्या आठवड्यापासून लोक पॅक करायला लागतील, कारण तक्त्यावर नाव खाली जाताना सगळ्यांना दिसतं.

आठवड्यात खेळासाठी ८ तास निघत असतील तर ५ पटाला, अडीच शनिवारच्या पत्त्यांना, अर्धा तास वहीला. बुद्धिबळ स्पर्धेच्या आदल्या रात्री पत्ते नाहीत.

वही एकच ठेव, दोन्ही खेळांची. पोकरच्या नोंदीत: हातातली पानं, बसायची जागा, पॉट किती, बोली किती, मी काय केलं, आणि समोरची पानं उघडण्याआधी मला वाटलेली जिंकण्याची शक्यता टक्क्यांत. शेवटी निकाल. बुद्धिबळाच्या नोंदीत: डाव संपल्यावर, इंजिन लावण्याआधी, पाच वळणांवरच्या स्थिती निवडून प्रत्येकीत 'इथून मला १०० पैकी किती गुण' ते लिही, मग इंजिन लाव आणि खाली प्रत्यक्ष निकाल टाक. ३० नोंदी झाल्या की गट पाड. जिथे ७० टक्के लिहिलंस तिथे खरोखर ७० च्या आसपास मिळाले का? बहुतेकांना चांगल्या स्थितीत स्वतःबद्दल जास्त वाटतं आणि एका प्याद्यानं मागे असताना फार कमी.

बाबांपासून लपवू नकोस. तक्ता आणि वही दोन्ही त्यांच्यासमोर ठेव, यात एक रुपयाही नाही हे आधी सांग, आणि शक्य असेल तर एका शनिवारी तुमच्याच घरी डाव ठेव. त्यांचं भय पैशांचं आहे, पानांचं नाही, आणि ते भय रास्त आहे. पैसे लावून खेळलास तर त्यांना उत्तर द्यायला तुझ्याकडे काही राहणार नाही.

३० नोंदी झाल्या की आकड्यांसह पुन्हा लिही. सत्तर टक्क्यांच्या गटात काय निघालं ते आधी सांग, पुढचा सल्ला त्यावरूनच देता येईल.